सीडी कपाटात असताना हाय-रेझ डाउनलोड पुन्हा विकत घ्यावं का?

प्रश्न असा आहे: घरात शास्त्रीय संगीताच्या दोन-अडीचशे सीडी आहेत, बहुतेक वडिलांनी जमवलेल्या. त्यांतली काही ध्वनिमुद्रणं आता ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ अशी पाटी लावून डाउनलोडला मिळतात आणि किंमत चांगलीच जास्त असते. ती पुन्हा घ्यावीत का? सीडीपेक्षा ती खरोखर चांगली वाजतात, की नुसते आकडे मोठे?

उत्तर आधी सांगतो, कारणं मग. एकाच मास्टरवरून, म्हणजे प्रती काढण्यासाठी तयार केलेल्या अंतिम मुद्रणावरून, काढलेली २४/१९२ ची फाइल आणि नीट बनवलेली १६/४४.१ ची, म्हणजे सीडीच्या दर्जाची, फाइल यांतला फरक ऐकून कळत नाही. (पहिला आकडा बिटांचा, आवाजाचा प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला तो; दुसरा किलोहर्ट्झचा, सेकंदाला असे किती हजार नमुने घेतले तो.) मला कळत नाही, आणि माझ्या खोलीत बसून आजवर कुणी तो खात्रीने ओळखून दाखवलेला नाही. मात्र बाजारातली हाय-रेझ फाइल आणि तुमच्या कपाटातली सीडी या पुष्कळदा एकाच मास्टरवरून निघालेल्या नसतात. म्हणून फरक ऐकू येतो, आणि तो भास नसतो. कधी तो हाय-रेझच्या बाजूने असतो, कधी सीडीच्या. पैसे चांगल्या मास्टरसाठी जरूर द्या. आकड्यांसाठी देऊ नका.

मी १९९४ पासून ध्वनिमुद्रण करतो आणि गेली पंधरा-सोळा वर्षं मुख्यतः मास्टरिंग आणि जुन्या टेपांची दुरुस्ती. काम बहुतेक कंठसंगीताचं. त्यामुळे उदाहरणंही तिथलीच देतो.

काही वर्षांपूर्वी एक संग्राहक माझ्याकडे आले. एका गायकाच्या तोडीच्या मैफलीची सीडी आणि त्याच मैफलीचं २४/१९२ डाउनलोड, दोन्ही घेऊन. म्हणाले, “फक्त सुरुवातीचा तंबोरा ऐका.” ऐकला. सीडीत तंबोरा होता, पण कांबळ्याखाली ठेवल्यासारखा: जोडाच्या तारा वाजतात हे कळत होतं, जवारी, म्हणजे तारांची ती झणझणती गुंज, मात्र जवळजवळ नव्हतीच. डाउनलोडमध्ये तीच जवारी मोकळी झाली होती, पंचमाची तार छेडली की तिच्यातून वरचे स्वर एकामागून एक उलगडत होते. शेजारच्या खोलीतूनही सांगता आलं असतं एवढा फरक. त्यांचा निष्कर्ष ठरलेला होता: १९२ ची किमया.

मग आम्ही दोन्हींचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या कंप्रतेला (किती उंच स्वराला) किती आवाज आहे याचा आलेख, पाहिला. सीडीत नऊ किलोहर्ट्झच्या वर जवळपास काहीच नव्हतं. सीडी २२ किलोहर्ट्झपर्यंत सहज जाते, म्हणजे हे सीडीच्या मर्यादेमुळे झालेलं नाही. कुणीतरी टेपची ‘सूं’ घालवण्यासाठी नॉइज रिडक्शन जोरात चालवलं होतं आणि त्या झाडूबरोबर जवारीही गेली होती. आणखी एक गोष्ट सापडली. दोन्हींतला सा जुळत नव्हता. डाउनलोडमध्ये तो काळी एकला होता, सीडीत त्याहून सुमारे वीस सेंट (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर) चढा. म्हणजे टेप दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या मशीनवर उतरवली गेली होती आणि त्यांतलं एक मशीन थोड्या वेगळ्या गतीने फिरत होतं. आम्ही दोन ‘फॉरमॅट’ ऐकत नव्हतोच. दोन माणसांनी, दोन काळांत, दोन यंत्रांवर केलेलं काम ऐकत होतो.

मग त्यांच्याच डाउनलोडची मी १६/४४.१ ची प्रत केली, ती पुन्हा २४/१९२ च्या डब्यात घातली, म्हणजे डॅकवरचा (फाइलमधले आकडे पुन्हा आवाजात बदलणाऱ्या यंत्रावरचा) आकडा पाहून किंवा फाइल बदलताना येणाऱ्या टिकटिकीवरून काही ओळखता येऊ नये. लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी, जुळवली. सोळा वेळा डोळ्यांआड अदलाबदल केली. सोळांपैकी सात बरोबर आले. नाणं उडवलं असतं तर सरासरी आठ आले असते. १६/४४.१ च्या प्रतीतही जवारी तेवढीच मोकळी होती.

आता हे असं का, ते थोडं खोलात.

सीडीचे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये हे मानक ठरवलं आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये पहिल्या सीडी विक्रीला आल्या. त्या काळी डिजिटल ध्वनी साठवायला व्हिडिओ टेपच हाताशी होती. टीव्हीच्या चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन नमुने, एका फील्डमध्ये (म्हणजे अर्ध्या चित्रात) वापरता येण्याजोग्या २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करा: ४४,१००. युरोपातल्या टीव्हीच्या हिशेबानेही (२९४ ओळी, ५० फील्ड) तोच आकडा येतो. तो निवडताना हेही पाहिलं होतं की माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि एखादी कंप्रता पकडायला तिच्या दुपटीहून जास्त नमुने लागतात.

इथे एक गैरसमज घट्ट रुतून बसलेला आहे. आलेख कागदावर काढला की नमुने पायऱ्यांसारखे दिसतात आणि वाटतं, सीडीतला आवाज पायऱ्यापायऱ्यांचा, १९२ मधला जास्त गुळगुळीत, जसं जास्त मेगापिक्सेलचं छायाचित्र. तसं होत नाही. शाळेतली भूमिती आठवा. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच वर्तुळ जातं. चौथा, दहावा, शंभरावा बिंदू दिलात म्हणून ते जास्त गोल होत नाही, कारण ते तीन बिंदूंतच पूर्ण ठरलेलं असतं. ध्वनीचंही तसंच आहे. २० किलोहर्ट्झपर्यंतच्या लहरीतून सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले की त्यांतून जाणारी, त्या मर्यादेतली लहर एकच असते, आणि डॅकमधून बाहेर येते ती तीच अखंड लहर. पायऱ्या फक्त चित्रात असतात. हे गणित नायक्विस्ट, कोटेलनिकोव्ह, शॅनन या संशोधकांनी १९२८ ते १९४९ च्या दरम्यान पक्कं करून ठेवलं आहे. सॅम्पल रेट (सेकंदाला घेतलेले नमुने) वाढवला की २० किलोहर्ट्झच्या खालचं काही सुधारत नाही, फक्त त्याच्या वरचं साठवायला जागा मिळते.

तबलजी मंडळी मला हमखास विचारतात: “दोन नमुन्यांत २२ मायक्रोसेकंदांचं अंतर, मग त्यामध्ये पडलेली चाटी गेली ना?” नाही गेली. थाप दोन नमुन्यांच्या अधेमधे कुठेही पडली तरी तिच्या आजूबाजूच्या सगळ्या नमुन्यांच्या किमती त्यानुसार बदलतात आणि परत लहर उभी राहते तेव्हा थाप जिथे होती तिथेच येते. सीडीत वेळेची अचूकता दोन नमुन्यांमधल्या अंतरापेक्षा कितीतरी बारीक असते.

मग २० किलोहर्ट्झच्या वरचं? वाद्यांमध्ये ते असतं, हे खरं. झांज, टाळ, मंजिरी यांच्या लहरी बऱ्याच वर जातात. पण ऐकणारं कोण? विशीतला निरोगी कान वीसच्या आसपास थांबतो, पन्नाशीत तो बारा-चौदावर येतो. माझा आज तेरा किलोहर्ट्झला थांबतो, दर वर्षी तपासून घेतो. आणि मुळात तिथपर्यंतचं पकडलं होतं का हेही बघायला हवं. आपल्याकडच्या किती मैफली शुअर एसएम ५८ वर गायल्या गेल्या! त्या माइकची कंप्रतामर्यादा कंपनीच १५ किलोहर्ट्झपर्यंत सांगते. स्टुडिओतल्या नामवंत नॉयमन यू ८७ ची, २० किलोहर्ट्झपर्यंत. अशा माइकवरून टेपवर आणि टेपवरून १९२ च्या फाइलमध्ये आलेल्या गाण्यात वरच्या मजल्यावर टेपची खरखर सोडून फारसं काही राहत नाही. त्या मजल्याचं भाडं मात्र तुम्ही भरता.

भाडं म्हणजे जागाही. तासाभराचा ख्याल सीडीच्या दर्जात साधारण ६३५ एमबी, २४/९६ मध्ये दोन जीबीच्या थोडा वर, २४/१९२ मध्ये चार जीबीहून जास्त. फ्लॅक (आवाज न बिघडवता फाइल आवळणारा प्रकार) केलं की हे बरंच कमी होतं, प्रमाण मात्र साधारण तसंच राहतं.

१९२ च्या बाबतीत तर उलटा धोकाही आहे. अँप (अँप्लिफायर) किंवा स्पीकर या अतिउच्च कंप्रता स्वच्छ पेलू शकला नाही तर त्या एकमेकींत मिसळून ऐकू येणाऱ्या पट्ट्यात कचरा टाकतात. २४ आणि २७ किलोहर्ट्झच्या दोन लहरींमधून ३ किलोहर्ट्झचा स्वर उपजू शकतो, जो मूळ गाण्यात नव्हताच. चांगल्या यंत्रात हे नगण्य असतं, साध्या यंत्रात नसेलच असं नाही.

बिटांकडे वळतो, कारण माझ्या मते इथला भाग जास्त कामाचा आहे.

१६ बिट म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर. २४ बिट म्हणजे कागदावर १४४. प्रत्यक्षात उत्तम डॅकही १२०-१३० च्या आसपास थांबतात, कारण विद्युतमंडलाची स्वतःची खरखर असते. आपल्या घरात काय लागतं? रात्री, पंखा बंद करून, खिडक्या लावून खोलीत ३० डेसिबल असतात. त्यावर ९६ चढवले तर १२६. एवढा आवाज करून कुणी गाणं ऐकत नाही, ऐकू नये. जुन्या टेपांची धाव साधारण ६५-७० डेसिबलची, म्हणजे अकरा-बारा बिटांत मावेल एवढी. तुमच्या वडिलांच्या संग्रहातलं जे जे मूळ टेपवर झालेलं असेल, ते १६ बिटांत ऐसपैस बसतं.

पण २४ चे १६ करताना हात कसा फिरला यावर खूप अवलंबून आहे, आणि हे मला प्रत्यक्ष दाखवायला आवडतं. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट करायला लावतो. मिरजेच्या तंबोऱ्याची खर्जाची तार एकदाच छेडायची आणि पूर्ण विरेपर्यंत २४ बिटांत मुद्रित करायची. मग शेपटीचे शेवटचे दहा सेकंद घेऊन दोन प्रती करायच्या. एकीत खालचे आठ बिट सरळ छाटून टाकायचे. दुसरीत छाटण्याआधी अगदी बारीक, यादृच्छिक खरखर मिसळायची, तिला डिदर म्हणतात. आता दोन्ही प्रती मुद्दाम पन्नास-साठ डेसिबल वर उचलून ऐकायच्या. छाटलेल्या प्रतीत तार विरत जाते आणि एका क्षणी तिचा आवाज वाळूवर पाय घासल्यासारखा किरकिरा होतो, मग अडखळतो, मग तुटतो. डिदरच्या प्रतीत एक मऊ, सपाट ‘सूं’ ऐकू येते आणि त्या ‘सूं’च्या आत, खाली, तार शांतपणे बुडत जाते. शेवटच्या बिटाहून बारीक झाली तरी ती ऐकू येत राहते. नेहमीच्या आवाजात हे दोन्ही कुणाला ऐकू येणार नाही. पण कारागिरी म्हणजे काय हे त्या दहा सेकंदांत कळतं, आणि ‘१६ बिट म्हणजे तुटका आवाज’ या समजाचं मूळही. सुरुवातीच्या काळात काही सीड्या डिदरशिवाय निघाल्या. काहींसाठी एलपी कापायला तयार केलेली टेपच वापरली गेली, जिचा तोल एलपीसाठी बदललेला होता. शिवाय तेव्हाचे अ‍ॅनालॉग फिल्टर ओबडधोबड होते. सीडीवर जे डाग लागले ते बहुतेक त्या काळच्या कामाचे आहेत.

मग २४ बिटांचा उपयोग काय? ध्वनिमुद्रण करताना प्रचंड. १९९०च्या दशकात मी डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) वापरत असे, १६ बिटांचं. खरखर दूर ठेवायची तर लेव्हल वरच्या टोकाजवळ लावावी लागे. एका बैठकीत विलंबित चालू होतं, गायक मंद्रात, सगळं हळुवार. मी लेव्हल थोडी चढवली. दहा मिनिटांनी त्यांनी तार षड्ज लावला तो असा भरून, की मीटर तांबडा झाला आणि तो सा फाटला. ती जागा पुन्हा येत नाही. मी ती टेप अजून ठेवली आहे. आज २४ बिटांत मी सरासरी लेव्हल टोकापासून वीस डेसिबल खाली ठेवतो, वर भरपूर मोकळी जागा सोडतो आणि काहीही गमावत नाही. संपादनात दहा वेळा चढउतार केली तरी गोळाबेरजेची चूक ऐकू येण्याच्या कितीतरी खाली राहते. काम करणाऱ्याला २४ बिट हवेतच. काम पूर्ण झालेल्या गाण्याला १६ पुरतात.

जुन्या तबकड्या उतरवतानाही असंच. अब्दुल करीम खाँसाहेबांची किंवा बालगंधर्वांची ७८ आरपीएमची तबकडी समोर आली की मी ती २४/९६ मध्येच घेतो. गाणं त्यात आठ-दहा किलोहर्ट्झच्या वर नसतंच, अगदी जुन्या, भोंग्यात गाऊन केलेल्या तबकड्यांत तर पाचच्या आसपासच संपतं. पण ओरखड्यांचे ‘टिक’ खूप वर जातात. जास्त सॅम्पल रेटमध्ये प्रत्येक टिक उंच, अरुंद सुईसारखी दिसते, गाण्यापासून वेगळी ओळखता येते आणि अलगद काढता येते. जगभरची ध्वनिसंग्रहालयं ज्यांचा सल्ला मानतात त्या आयएएसए या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही २४ बिट आणि किमान ४८, शक्यतो ९६ किलोहर्ट्झ असंच सांगतात. ते जपणुकीसाठी आहे. दुरुस्ती झालेली प्रत मात्र मी लोकांना १६/४४.१ मध्ये देतो आणि ती देताना मनात काही खंत नसते.

कुणी म्हणेल, हा झाला एका माणसाचा अनुभव. प्रयोगही झालेत. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध केली. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या हाय-रेझ तबकड्यांचा आवाज एकदा सरळ आणि एकदा मध्ये सीडीच्या दर्जाची गाळणी लावून ऐकवला. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरं बरोबर आली, ४९.८ टक्के. त्या चाचणीवर आक्षेप आहेत आणि त्यांतला एक मला पटतो: वापरलेल्या सगळ्याच तबकड्यांचं मूळ मुद्रण खरोखर हाय-रेझ होतं असं नाही. मग २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला, साडेबारा हजारांहून जास्त चाचण्या. एकूण बरोबर उत्तरं ५२.३ टक्के. ऐकण्याचं प्रशिक्षण दिलेल्यांत ती ६२ टक्क्यांच्या आसपास गेली. म्हणजे काहीतरी, कधीतरी, तयार कानांना जाणवतं, असं आकडे म्हणतात, आणि मी ते नाकारणार नाही. ते काहीतरी संगीताचं आहे की यंत्रांचं, हे त्यातून ठरत नाही. पण प्रशिक्षण घेऊन, एकाग्र बसून, शंभरात बासष्ट वेळा लागणारा पत्ता, आणि तोडीतल्या त्या तंबोऱ्यासारखा शेजारच्या खोलीतून लागणारा पत्ता, या दोन गोष्टींना एकाच किमतीची पाटी लावू नये एवढंच माझं म्हणणं. मेयर-मोरन यांच्या लेखातही शेवटी हेच येतं: हाय-रेझ तबकड्या पुष्कळ सीडींपेक्षा सरस वाजत होत्याच, कारण त्या करणाऱ्यांनी जास्त काळजी घेतली होती.

उलटी बाजूही सांगायला हवी. हाय-रेझ म्हणून निघालेली नवी आवृत्ती जुन्या सीडीहून वाईट असू शकते. १९९० पासून पुढे गाणं जास्तीत जास्त मोठं वाजावं म्हणून लिमिटरने (आवाजाची उंच टोकं छाटणाऱ्या यंत्राने) दाबायची पद्धत वाढत गेली. जुन्या भावगीतात ठेक्याची थाप आवाजाच्या वर क्षणभर उडी मारते आणि परत खाली येते, तिच्यामुळे गाण्याला चाल येते. दाबलेल्या आवृत्तीत थाप आणि गळा एकाच उंचीवर येतात. दोन मिनिटं ऐकून छान वाटतं, अर्ध्या तासाने थकवा येतो. अशी फाइल २४/९६ मध्ये असली तरी आत सपाटच असते. तुमच्याकडची १९८०-९० च्या काळातली सीडी न दाबलेली असेल तर ती सांभाळा, ती नव्या फाइलीहून मोलाची असू शकते.

आणि काही ‘हाय-रेझ’ तर हाय-रेझही नसतात. सीडीचीच फाइल मोठ्या डब्यात घालून दिलेली असते. ऑडॅसिटी किंवा स्पेक हे मोफत प्रोग्रॅम घ्या, स्पेक्ट्रम काढा. २२ किलोहर्ट्झला भिंत बांधल्यासारखं सगळं एका सरळ रेषेत संपत असेल तर मूळ माल ४४.१ चा आहे हे समजावं.

पैसे देण्याआधी घरी चाचणी घ्या, पण नीट घ्या. कपाटातली सीडी आणि डाउनलोड यांची तुलना करू नका. त्यात दोन मास्टरांची तुलना होते. एखादं हाय-रेझ गाणं घ्या, त्याच फाइलची डिदर लावून १६/४४.१ प्रत करा आणि फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरमधल्या एबीएक्स चाचणीने आंधळी अदलाबदल करत ऐका. सोळा फेऱ्या. बारा किंवा जास्त बरोबर आल्या तर विचार करण्यासारखं आहे, कारण नुसत्या नशिबाने तेवढ्या येण्याची शक्यता शंभरात चारच. लेव्हल एक दशांश डेसिबलपर्यंत जुळलेली हवी. हे शेवटचं फार महत्त्वाचं. एकदा माझ्या खोलीत एक गायिका आणि त्यांचे तबलजी बसले होते. मी एकच फाइल दोनदा ऐकवली, दुसऱ्यांदा अर्धा डेसिबल वर. दोघांचंही एकमत झालं, दुसरीत आवाज खुलतो, श्वास जवळ येतो. मोठा झाला असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. त्यांचे कान उत्तम होते आणि आहेत. माणसाचं ऐकणंच तसं आहे: किंचित मोठं ते आपल्याला चांगलं म्हणूनच भेटतं.

फाइल बदलण्याआधी ती वाजते कशावर तेही पाहा. ब्लूटूथवर आयफोनचा आवाज एएसी (काही भाग गाळून लहान केलेला प्रकार) होऊन जातो, म्हणजे सीडीचा दर्जाही हेडफोनपर्यंत पोचत नाही, मग १९२ ची गोष्टच सोडा. अ‍ॅपलच्या स्वतःच्या सूचनेतही ४८ किलोहर्ट्झच्या वरचं ऐकायला बाहेरचा डॅक लागतो असं आहे. पाच-सहा हाय-रेझ अल्बमांच्या पैशात तारेचा बरा हेडफोन येतो. स्पीकर असतील तर त्यांना कोपऱ्यातून बाहेर काढा, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, समोरच्या फरशीवर जाड सतरंजी, बाजूच्या उघड्या भिंतीपाशी पुस्तकांचं कपाट. आपल्या फ्लॅटमध्ये फरशी, काच आणि रंगवलेल्या भिंती असतात, आवाज त्यांच्यावर आपटून येतो. सतरंजी घातल्यावर जो फरक पडतो तो तुमच्या आईलाही सांगावा लागणार नाही.

आता तुमच्या यादीचं. नव्याने मूळ टेपवरून उतरवलेलं असेल, कुणी उतरवलं आणि कशावरून हे विक्रेत्याने लिहिलेलं असेल, तर घ्या, आणि तेच काम १६/४४.१ मध्ये कमी पैशात मिळत असेल तर ते घ्या. ‘रीमास्टर’ एवढाच शब्द असेल तर आधी नमुना ऐका: सुरुवातीचा तंबोरा तीस सेकंद, मग द्रुतातली एखादी तिहाई. तंबोऱ्यात जवारी आहे का आणि समेची थाप उठून येते का, एवढं ऐकलंत तरी निम्मं कळेल. आणि हे सगळं करण्याआधी वडिलांच्या सीडी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रॅमने फ्लॅकमध्ये उतरवून घ्या, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. काही जुन्या तबकड्यांचा चकाकता थर कडेने तपकिरी होऊ लागतो. तशी एखादी दिसली तर तिच्यापासून सुरुवात करा.